चितळ, हेडलाइट आणि १९२६

नागपूर,
९ नोव्हेंबर

चि. मुग्धास,


तुझं पत्र मिळालं. पुढच्या गाडीनं कोल्ह्याला उडवलं, तू थांबलीस, तो फरपटत झुडपात गेला, आणि काही न सुचल्यामुळे तू निघून आलीस, इतकंच लिहून खाली तू विचारलं आहेस, "मामा, अशा वेळी करायचं काय असतं?" फोनवर सांगितलं असतं तर दोन वाक्यांत आटोपलं असतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी तुझ्याच रस्त्याबद्दल. साकोलीहून देवरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवेगाव आणि नागझिरा यांना जोडणाऱ्या जंगलातून जातो. वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे यांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. तिथून जवळच, गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात, ऑगस्ट २०२३ मध्ये एका तरुण वाघाला कारनं धडक दिली. जखमी वाघ शरीर ओढत रस्त्याबाहेर जातो आहे, तो व्हिडिओ तूही पाहिला असशील. वनखात्याच्या लोकांनी त्याला शोधून पकडलं, उपचारासाठी नागपूरला आणायला निघाले, आणि वाटेतच तो गेला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये बोरचा बाजीराव नावाचा प्रसिद्ध वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ असाच वाहनाखाली मेला होता.

वाघ असला की बातमी होते. रस्त्यावर रोज मरतात ते मात्र ससे, उदमांजरं, मुंगूस, घोरपडी आणि धामणी. रातवा नावाचा पक्षी तर रात्री रस्त्यावरच बसतो. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असतं, त्यामुळे सापही तिथे येऊन पडतात. ट्रकमधून धान्य सांडलं की पाखरं आणि उंदीर येतात, उंदरांमागे घुबड येतं. मेलेल्या सशासाठी कोल्हा येतो आणि त्या कोल्ह्याला पुढची गाडी उडवते. तू पाहिलास तो बहुधा असाच कशावर तरी तोंड घालायला आलेला असावा.

"पण ते बाजूला का होत नाहीत?" असं लोक विचारतात. रात्री हिंडणाऱ्या जनावरांचे डोळे अंधूक उजेडासाठी घडलेले असतात. त्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे एक चमकता थर असतो, तो मिळेल तेवढा प्रकाश पुन्हा वापरायला लावतो. अशा डोळ्यांवर हेडलाइटचा झोत पडला की क्षणभर त्यांना काहीच दिसत नाही. न दिसणारं जनावर पळत नाही, थिजतं. चितळांचं आणखी एक आहे. एक ओलांडलं की मागचं कळप सोडून राहत नाही. पहिल्याला चुकवून सुटकेचा श्वास सोडणारा चालक बऱ्याचदा दुसऱ्याला धडकतो.

आणि आता तुझ्या वेगाबद्दल. रागावू नकोस, हिशोब बघ. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धर. तेवढ्यात गाडी ३३ मीटर गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लागले तरी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ६८. ताशी १०० ला हाच आकडा शंभर मीटरच्या आसपास जातो, आणि ६० ला तो ४५ वर येतो. डिपरचा उजेड साधारण ४० ते ६० मीटर पोचतो. म्हणजे डिपरवर ८० नं जाणारा माणूस आपल्याला दिसतं त्याच्या पुढे गाडी चालवत असतो. जंगलाच्या पट्ट्यात ५०-६० नं जा, समोर गाडी नसेल तर अप्पर ठेव, जनावर दिसलं की अप्परचा डिपर कर आणि सरळ रेषेत ब्रेक दाब. स्टिअरिंग फिरवून जनावर चुकवायला गेलेल्या गाड्या उलटतात. मोठा रोही, म्हणजे नीलगाय, दोनशे किलोंच्या वर भरतो. त्याला धडकण्यात जनावराइतकाच माणूसही जायबंदी होतो.

तरीही धडक बसली, किंवा दुसऱ्यानं दिलेली दिसली, तर? इथे आपली माणसं दोन टोकांना जातात. बहुतेक जण पळतात. राहिलेल्यांपैकी काही गाडीतून उतरून जनावराला उचलायला धावतात. पळणाऱ्यांचा राग सगळ्यांनाच येतो, पण उचलणाऱ्यांनीही कमी जनावरं मारलेली नाहीत.

पळणाऱ्यांची भीती निराधार नाही, हे कबूल केलं पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावराला जखमी करणंही येतं. रस्त्यावरच्या अपघातातही वनगुन्हा नोंदवला जातो, पंचनामा होतो, गाडी अडकू शकते. माणसाच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. ते माणसांचा विचार करून आलेलं आहे. आपल्या हातून धडक बसली आणि आपणच कळवलं, तर अशा माणसाला कसं वागवायचं, हे वनखात्यानं एकदा स्पष्ट शब्दांत जाहीर करायला हवं. त्याशिवाय "अज्ञात वाहनाच्या धडकेत" हे बातमीचं शीर्षक बदलणार नाही. तुझ्या बाबतीत तर हा प्रश्नच नव्हता. तू पाहणारी होतीस.

कायद्याची एक बाजू मात्र लोकांना ठाऊकच नसते. मेलेला किंवा पकडलेला वन्यप्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता आहे. तो कुठल्याही मार्गानं ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. गाडीखाली आलेलं रानडुक्कर "आता मेलंच आहे" म्हणून डिकीत टाकून नेणारे महाभाग आपल्या ओळखीतही आहेत. त्यांना हे ऐकवायला हरकत नाही. जखमी चितळाचं पाडस घरी नेऊन बाटलीनं दूध पाजणारे हेतूनं चांगले असले, तरी कायद्याच्या लेखी त्याच ओळीत येतात.

त्या पाडसाचं काय होतं ते ऐक. हरणवर्गातल्या जनावरांना कॅप्चर मायोपॅथी नावाचा प्रकार होतो. माणसांनी वेढलं, धरलं, बांधलं की भीतीनं आणि धडपडीनं त्यांचे स्नायू आतल्या आत फुटायला लागतात. त्यातून सुटलेलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. पायाला साधं खरचटलेलं चितळ दोन तास माणसांच्या घोळक्यात राहिलं, तर ते खरचटण्यानं मरत नाही, घोळक्यानं मरतं. कधी लगेच, कधी दोन-चार दिवसांनी. तेव्हा लोक म्हणतात, "जखम तर बरी होत होती!" पाणी पाजण्याचा मोहही असाच. डोक्याला मार लागलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं. गाईचं दूध पाजलेल्या पिल्लांना हगवण लागते. आपल्याकडे दया म्हणजे काहीतरी तोंडात घालणं असा समज पक्का आहे, त्याला इथे आवर घालावा लागतो.

बिबट, अस्वल, तरस, गवा, डुक्कर यांच्या बाबतीत तर गाडीतून उतरायचंच नाही. बेशुद्ध पडलेला बिबट फोटो काढणाऱ्यांची वाट बघत पडून राहत नाही, तो कधीही उठतो. जून २०२२ मध्ये पुणे-नाशिक महामार्गावर एक बिबट कारच्या पुढच्या भागात अडकला होता. चालकानं गाडी मागे घेतली तसा तो स्वतःला ओढून काढत सुटला आणि पळाला. पळाला म्हणजे बरा आहे असंही समजू नकोस. आतून रक्तस्राव होत असलेलं जनावर भीतीच्या जोरावर शे-दोनशे मीटर सहज जातं आणि मग पडतं. कोल्हा आणि मुंगूस यांच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. दात किंवा नख लागलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं.

मग करायचं ते काय? गाडी कडेला घे, चारही इंडिकेटर लाव आणि फोन कर. महाराष्ट्र वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६ आहे. राष्ट्रीय महामार्गावर असशील तर १०३३ लाही सांग. तो महामार्ग प्राधिकरणाचा क्रमांक, त्यांची गस्तीची गाडी येऊन वाहतूक सावकाश करू शकते. काहीच लागलं नाही तर ११२.

फोनवर सांगायचं काय, याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे आणि तिथेच आपण कमी पडतो. "साकोलीच्या पुढे जंगलात" एवढ्यावर वनरक्षकानं रात्री अकराला शोधायचं कुठे? महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात आणि त्यांच्यामध्ये दर दोनशे मीटरला छोटे दगड. तो आकडा सांग. फोनवरून लोकेशन पाठव. जनावर कोणतं, साधारण केवढं, कोणता पाय टेकत नव्हतं आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूला शिरलं, हे सांग. ते शिरलं तिथल्या झाडाला किंवा खांबाला ओढणी, पिशवी, काहीही बांधून ठेव. त्याच्या मागे आत जायचं नाही.

आपला सुबोध स्वीडनमध्ये गाडी चालवतो, त्याला विचार. तिथे सांबराहून मोठ्या एल्कपासून हरीण, रानडुक्कर, अस्वल, लांडग्यापर्यंत ठरावीक जनावरांना धडक बसली की पोलिसांना कळवणं आणि जागेवर खूण करणं चालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, जनावर पळून गेलं असलं तरीही. मग शिकवलेला कुत्रा घेऊन शिकारी येतो आणि त्या खुणेपासून माग काढतो. जनावर वाचण्यासारखं नसेल तर तिथेच संपवतो. आपल्याकडे तो निर्णय रस्त्यावर कुणी घेऊ शकत नाही. वाघ-बिबटासारखा प्राणी बरा होण्यापलीकडे गेला असेल तरी त्याला मरण द्यायची परवानगी कलम ११ खाली राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देतात. ही सावधगिरी कायद्यात का आहे ते समजतं. पाठीचा कणा तुटलेल्या सांबरासमोर उभ्या असलेल्या वनपालाला ती फार लांबची वाटते, हेही खरं.

उपचाराच्या जागा आता पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आणि गोरेवाडा आहे, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं केंद्र आहे, पुण्यात बावधनला रेस्क्यू संस्था वनखात्याबरोबर काम करते. अडचण मधल्या अंतराची आहे. देवरीहून नागपूर काही जवळ नाही, आणि डार्ट मारून बेशुद्ध केलेल्या जखमी जनावराला इतका प्रवास सोसत नाही.

मग तू विचारशील, जनावर मरणारच असेल तर फोन कशाला? नोंद व्हावी म्हणून. पेंचकडे जाताना महामार्ग ४४ उंचावरून जातो ना, त्याखालचे भुयारी मार्ग तू पाहिले आहेस. महाराष्ट्राच्या हद्दीत असे ९ आहेत, सर्वांत लांब ७५० मीटरचा. रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा न्यायालयात भांडून ते पदरात पाडून घ्यावे लागले. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तर १८ जातींचे वन्यप्राणी खालून ये-जा करताना सापडले, त्यात ११ वेगवेगळे वाघ होते. असा मार्ग कुठे बांधायचा हे नकाशावर बोट ठेवून ठरत नाही. जनावरं कुठे ओलांडतात आणि कुठे मरतात, याच्या नोंदी लागतात. नोंद नसली की "इथे तर काही अपघात होत नाहीत" असं सांगून खर्च वाचवणारे टेबलाच्या पलीकडे तयारच असतात. तुझ्या त्या कोल्ह्याची नोंद कुठेच नाही. अजूनही फोन कर, तारीख, वेळ आणि दगडाचा आकडा आठवत असेल तर सांग.

लहान जीवांसाठी मात्र हातानं करण्यासारखं थोडं आहे. गाडीला आपटून सुन्न झालेला पिंगळा किंवा रातवा दिसला तर टॉवेल डोक्यावरून टाकून, पंख अंगाशी मिटवून उचल, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेव आणि झाकण लाव. अंधार आणि शांतता, बाकी काही नाही. गाणी बंद. मग १९२६ ला सांगून ते म्हणतील तिथे पोचव. घुबड "मी सोडतो" म्हणून मागणारा अनोळखी माणूस भेटला तर देऊ नकोस, विशेषतः दिवाळीच्या आसपास, तेव्हा बळीसाठी घुबडं शोधली जातात. रस्त्यावर मेलेला ससा किंवा साप वाहतूक नसेल तर काठीनं कडेला सारायला हरकत नाही, म्हणजे त्याच्यासाठी येणारा पुढचा प्राणी वाचेल. मोठं जनावर पंचनाम्यापर्यंत जागचं हलवायचं नाही.

डिकीत टॉर्च, जाड हातमोजे, बुटांचा रिकामा खोका आणि जुना टॉवेल ठेव. टॉवेल मामीनं काढून ठेवला आहे, त्याबरोबर चिवड्याचा डबाही आहे. आता येशील तेव्हा दिवसाउजेडी नीघ. आणि सुबोधचा नवा फोन नंबर पाठव, माझ्याकडचा लागत नाही.

तुझा,
मामा