पहिली सही माझी होती

आमच्या सोसायटीला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर शॉपिंग कॉम्प्लेक्स होऊ नये म्हणून २०१९ साली आम्ही एक निवेदन दिलं. त्यावर ४१२ सह्या होत्या. पहिली सही माझी होती आणि मजकूरही मीच लिहिला होता. चार महिन्यांनी मी ती सही मागे घेतली. का घेतली, ते सोसायटीच्या सभेत मला धड सांगता आलं नाही; आवाज चढले, विषय भलतीकडेच गेला. ज्यांनी माझ्या शब्दावर विसंबून सह्या केल्या, त्यांना मी उत्तर देणं लागते. ते आज देते आहे.

कोथरूडला आम्ही १९९६ मध्ये राहायला आलो. तेव्हा आमच्या इमारतीच्या पुढे रस्ता म्हणजे खडी अंथरलेली पट्टी होती आणि शेजारचा तो प्लॉट नुसता गवताचा. दोन सुबाभळी, एक कडुनिंब. माझी दोन्ही मुलं तिथेच सायकल शिकली. गणपतीचा मांडव तिथेच पडायचा. कोजागिरीचं दूध तिथेच आटायचं. तेवीस वर्षं ती जागा आम्ही आमची म्हणून वापरली आणि ती कुणाची आहे, कशासाठी आहे, हे कधी विचारलं नाही.

मग एका सकाळी तिथे पत्रे लागले. पत्र्यावर रंगीत फलक होता: चार मजली व्यापारी संकुल, खाली दोन तळघरं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्याच बाजूला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

निवेदनात मी आठ मुद्दे घातले. रस्ता नऊ मीटरचा, त्यावर मालाचे ट्रक कसे वळणार? दोन शाळांच्या बस याच गल्लीतून जातात. जनरेटरचा आवाज, रात्रीची वर्दळ, ओला कचरा, पाण्यावरचा ताण. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकांना दोनदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. अँब्युलन्सला वाट मिळणार नाही ही त्यांची भीती खोटी नव्हती. हे मुद्दे मला आजही खरे वाटतात. त्या सगळ्यांच्या वर मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘हा शांत निवासी भाग असून येथे व्यापारी वापरास परवानगी देऊ नये.’ आणि मागणी केली होती की त्या जागेवर बाग करावी.

सातवा मुद्दा असा होता : ‘पदपथावरील अनधिकृत भाजीविक्रेत्यांमुळे रस्ता आधीच अरुंद झाला असून त्यांच्यावरही कारवाई व्हावी.’

हा मुद्दा मला कुणी सुचवला नव्हता. रस्त्याचा विषय निघालाच आहे तर हेही लिहून टाकू, इतक्या सहजपणे मी तो लिहिला.

सह्या गोळा करताना मी कोपऱ्यावरच्या मावशींकडेही गेले. गल्लीच्या तोंडाशी वीस-बावीस वर्षं त्या भाजी घेऊन बसतात. त्यांच्याआधी त्यांच्या सासूबाई बसायच्या. माझ्या घरात शिजलेली निम्मी मेथी त्यांच्याकडची. मी त्यांना म्हटलं, “मावशी, इथे मोठं दुकान झालं तर तुमचा धंदा बसेल. आम्ही विरोध करतोय, तुम्हीही सही करा.” मनापासून म्हटलं. मी त्यांच्या भल्याचंच बोलते आहे असं मला वाटत होतं.

त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, “वाचून दाखवा की ताई, काय लिवलंय त्ये.”

मी वाचायला लागले. पहिला मुद्दा, दुसरा, तिसरा. त्या मान हलवत ऐकत होत्या आणि मध्येच एका गिऱ्हाइकाला पाव किलो गवार तोलून देत होत्या. सहावा मुद्दा संपला. सातव्यावर माझी नजर गेली आणि माझी जीभ उचलेना. मी कागदाची घडी घातली. “असंच आहे पुढे,” म्हटलं.

मावशींनी घडी घातलेल्या कागदाकडे पाहिलं. विचारलं एवढंच, “त्यात आमचं ओटं हायेत का?”

“कसले ओटे?”

“हितं मंडई व्हनार म्हनत्यात ना? लई वर्सं झाली. माझी सासू सांगायची, सरकारनं मंडईला जागा ठेवलीया म्हनून. त्येचं काय झालं?”

मला काहीच माहीत नव्हतं. बघते म्हणाले आणि निघाले. सही त्यांनी केली नाही, मीही पुन्हा मागितली नाही. आणि घरी येऊन मी तो सातवा मुद्दा खोडायला हवा होता. खोडला नाही. पानं छापून झाली होती, दीडशे सह्या आल्या होत्या, पुन्हा कोण सगळं करणार, असं स्वतःला सांगितलं. तो आळस नव्हता. मला तो मुद्दा हवा होता, फक्त मावशींच्या तोंडावर वाचायला नको होता.

निवेदन दिल्यावर दहा-बारा दिवसांनी विक्रेत्यांना उठवायला पालिकेची गाडी आली. मी खिडकीत होते. मावशींनी ताडपत्रीची चार टोकं एका झटक्यात उचलली आणि टोमॅटो, मेथी, लिंबं, सगळं एका गाठोड्यात गेलं. वजनकाटा पदराखाली घेतला. गाठोडं डोक्यावर घेऊन त्या आमच्याच फाटकाकडे आल्या आणि वॉचमननं त्यांना आत घेतलं नाही. बाहेरच्या कुणाला आत सोडायचं नाही, हा नियमही आमच्याच कमिटीचा. रस्त्यावर चिरडलेल्या मेथीच्या जुड्या संध्याकाळपर्यंत तशाच पडून होत्या. तीन आठवडे तो कोपरा रिकामा राहिला, रस्ता रुंद झाला, आणि सोसायटीत लोक माझं अभिनंदन करत होते.

मी बँकेत तीस वर्षं काढली. कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आले की आधी वाचा, मग सही करा. त्या तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा आमच्या घराचे कागद वाचायला काढले. करारनाम्याला इमारतीचा एक नकाशा जोडलेला होता. आमची इमारत, नऊ मीटरचा रस्ता आणि शेजारी एक चौकोन. चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेलं : ‘भाजी मंडई व दुकान केंद्राकरिता आरक्षित.’ तेवीस वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता.

आणि मग आठवलं. फ्लॅट बघायला आलो तेव्हा दाखवणारा माणूस म्हणाला होता, “शेजारीच मंडई येणार आहे, वहिनी, भाजीला लांब जायला नको.” मला ते आवडलं होतं. घर घेण्याचं ते एक कारण होतं.

पुढे मी विकास आराखड्याचा नकाशाही पाहिला. पुण्याचा जुना आराखडा १९८७ साली मंजूर झाला. ते आरक्षण त्यात होतं. म्हणजे आमची इमारत उभी राहण्याच्या नऊ वर्षं आधी तिथे मंडई ठरलेली होती. निवासी भागात व्यापार घुसतोय, अशा अर्थाचं मी लिहिलं होतं. प्रत्यक्षात मंडईच्या शेजारी राहायला आम्ही आलो होतो.

ज्या संकुलाला आम्ही विरोध करत होतो, तेही त्याच आरक्षणातून आलेलं होतं. समावेशक आरक्षण नावाची तरतूद आहे. जागेच्या मालकानं ठरलेली सार्वजनिक सोय स्वतः बांधायची, ती विनामोबदला पालिकेच्या ताब्यात द्यायची आणि त्या बदल्यात उरलेलं बांधकाम स्वतः वापरायचं. वरच्या मजल्यांवरची दुकानं मालकाची, पण ओटे लोकांचे. पत्र्यावरच्या फलकावर ओट्यांचा उल्लेख नव्हता, हे खरं. पण आम्हीही फलकापलीकडे काही पाहिलं नाही.

बागेची आमची मागणीही हवेतच होती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातलं कलम १२७ मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण गळून पडतं आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तिथेही बांधता येतं. म्हणजे आमच्या विरोधानं मंडई मागे पडली असती तर तिथे बाग येण्यापेक्षा आणखी एक इमारत येण्याची शक्यता जास्त होती. आमच्यासारखीच, फाटक असलेली.

सातव्या मुद्द्याबद्दल तर मला बोलायलाही जागा नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. विक्री कुठे व्हावी हे सुचवणाऱ्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक-तृतीयांश बायका असाव्यात, असंही आहे. मी ज्यांना ‘अनधिकृत’ म्हटलं त्यांना कायदा असं उठवू देत नव्हता. माझी मागणीच कायद्याला धरून नव्हती.

त्या दिवसांत मला महात्मा फुले मंडईची गोष्ट वारंवार आठवत होती. १८८० च्या आसपास पुण्यात मंडईची मोठी इमारत बांधायचं ठरलं. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सदस्य होते आणि त्यांनी या खर्चाला विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लागावा, हे त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. १८८६ साली ती खुली झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं गेलं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचं नाव मिळालं. पूर्वी मी ही गोष्ट ‘विरोध करणाऱ्याचंच नाव शेवटी मंडईला लागलं’ एवढ्यापुरती सांगायचे. आता त्यातला दुसरा अर्थ मला दिसतो. फुल्यांनी विरोध केला तो ज्यांच्या हातात काही नव्हतं त्यांच्यासाठी. मी विरोध केला तो माझ्या खिडकीसाठी, आणि त्याला पर्यावरण, शांतता, मुलांची सुरक्षितता अशी मोठी नावं दिली.

तीन आठवड्यांनी मावशी परत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, सातवा मुद्दासुद्धा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कागद मिटला तवाच कळलं व्हतं मला.” एवढंच. माझ्याकडे पाहिलं नाही, शेंगा निवडत राहिल्या.

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. पहाटे साडेतीनला उठायचं, चौघीजणींनी मिळून टेम्पो करायचा, मार्केट यार्डातून माल घ्यायचा, सातला इथे. दुपारी एकपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, कारण जायला जागाच नाही. वीस-बावीस वर्षं आमच्या चौसष्ट बिऱ्हाडांच्या दारात बसलेली बाई तहान मारून बसत होती आणि आमच्या तळमजल्यावरचं कॉमन संडास दिवसभर कुलपात असायचं.

सभेत मी सही मागे घेतल्याचं सांगितलं तेव्हा जे व्हायचं ते झालं. तुम्हीच पेटवलंत आणि तुम्हीच पाणी ओतताय, असं एक जण म्हणाले. ते चूक नव्हते. पहिल्या मजल्यावरचे काका काही बोलले नाहीत, पण नंतर वर्षभर त्यांनी माझ्याशी शब्द काढला नाही. त्यांच्या भीतीला मी वाऱ्यावर सोडलं असं त्यांना वाटलं. मी सोडलं नव्हतं, पण ते त्यांना पटेल असं मला बोलता आलं नाही.

मी त्या संकुलाच्या बाजूची झाले, असं मुळीच नाही. नकाशे नीट पाहिल्यावर कळलं की ओटे तळघरात दाखवलेत. हा घाट मला मान्य नाही. पिशवी घेतलेला माणूस जिना उतरून भाजी घ्यायला जात नाही. ओटे ओस पडतात, विक्रेते पुन्हा रस्त्यावर येतात आणि मग त्यांनाच दोष दिला जातो. म्हणून मी दुसरं पत्र लिहिलं. ओटे रस्त्याच्या पातळीवर हवेत. या गल्लीत आज जे बसतात त्यांची मोजणी आधी व्हावी आणि पहिला हक्क त्यांचा असावा. भाडं त्यांच्या दिवसाच्या गल्ल्यातून निघेल एवढंच असावं. बायकांसाठी संडास आणि पाणी हवं. मालाच्या गाड्या सकाळी सातच्या आत येऊन जाव्यात आणि अँब्युलन्सची वाट पट्टे मारून मोकळी ठेवावी. त्यावर ३७ सह्या आहेत. चारशेवर होत्या तिथे सदतीस. पण प्रत्येकाला पूर्ण पत्र वाचून दाखवलं होतं, एकही ओळ न गाळता. मावशींनाही. त्यांनी सही केली.

शेजारी नको म्हणणं सोपं असतं. त्या नकारात आपल्या हिताबरोबर आणखी कुणाचं काय जातंय, हे आधी बघायला हवं होतं. मी ते उशिरा पाहिलं आणि त्याची किंमत मी दिली नाही, दुसरीनं दिली. हे मला कुठल्याही पत्रानं पुसता येणार नाही.

तळमजल्यावरच्या संडासाची किल्ली आता वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला लटकते. दोन सभा आणि बरीच वादावादी झाल्यावर तो ठराव मंजूर झाला. प्लॉटवर पत्रे अजून आहेत. मंडई होईल की नाही, कोणत्या रूपात होईल, मला माहीत नाही. झाली तर पहाटेचा पहिला टेम्पो माझ्याच खिडकीखाली उभा राहील आणि माझी झोप मोडेल. मोडू दे.