म्हातारी मनी
आमची मनी चौदा वर्षांची झाली. भुश्यात लोळून येते, पण सांधे आखडलेत, पाठीपर्यंत मान वळत नाही, चाटणार कशी? थंडीत अंघोळ घातली तर गारठेल. म्हणून ओट्यावर उन्हात घेऊन बसतो. तळहातावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर, तोंड-डोळे सोडून केसांत हलकं चोळायचं, मग कंगवा, मग कोरडं सुती फडकं. पीठ अंगावर राहू देऊ नका, चाटते. गाठी बोटांनीच सोडवतो. मागल्या साली कात्री लावली तर कातडी कापली, रक्त आलं.

अन् बैलांच्या गोचिडाचं औषध मांजराला बिलकुल लावू नका. मी बाटली उघडली होती. डॉक्टरांना फोन केला म्हणून वाचली.

शेपटीजवळची गाठ अजून राहिलीय. गुरगुरली. उद्या बघू.