खिडकीखालची रिक्षा

‘48 अवर फिल्म प्रोजेक्ट’ ही स्पर्धा 2001 मध्ये वॉशिंग्टन डी.सी.त सुरू झाली आणि आता मुंबईतही भरते. शुक्रवारी संध्याकाळी जॉनरची चिठ्ठी निघते. त्यासोबत एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद मिळतो. हे तिन्ही सगळ्या टीमना सारखेच आणि फिल्ममध्ये सक्तीचे. रविवारी संध्याकाळी चार ते सात मिनिटांची फिल्म जमा करायची. उशीर झाला तर फिल्म पडद्यावर दिसते, पण सर्वोत्कृष्ट फिल्मच्या शर्यतीतून बाद होते.

अशा स्पर्धांत मी साउंड करतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे, ते तसंच घ्या. चिठ्ठी निघाली की सगळे लेखकाभोवती कोंडाळं करतात. पण निम्मी लढाई त्याआधीच हरलेली असते. पटकथा आधी लिहायची बंदी आहे, लोकेशन ठरवायची नाही. तरी लोकेशन ठरतं ते डोळ्यांनीच. वाड्याची कोरीव खांबांची ओसरी बघून दिग्दर्शक खूश! त्या ओसरीला लागून बोळ आहे, बोळात रिक्षा उलटी घेताना किंचाळते, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, समोरच्या देवळात सातची आरती, हे कुणाच्या कानांवर पडतच नाही. एरवी डबिंगने निभावता येतं. इथे डबिंगला वेळ कुठला?

फ्लॅटमध्ये शूटिंग असेल तर आधी पंखा बंद, मग फ्रिज. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्यातच ठेवायची, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती. निघताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज पुन्हा सुरू होतो. यजमानांचं दूध वाचतं. कपड्यांचंही तसंच. लेपल माईक कडक इस्त्रीच्या कुर्त्याखाली लावला की प्रत्येक श्वासाला खरखर येते. मऊ सुती कपडा चांगला, पण कॉस्च्युमवाल्यांना हे शनिवारी सकाळी सांगून उपयोग नसतो.

शॉट संपला की मी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करतो आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतो. नटांना हा वेळेचा चुराडा वाटतो. रविवारी दुपारी संकलक दोन टेक जोडतो, तेव्हा एकात रस्ता वाजत असतो, दुसऱ्यात नसतो; मधली फट त्या शांततेनेच बुजते.

सगळ्यात जपायचा तो सक्तीचा संवाद. चित्रपटगृहात लागोपाठ फिल्म बघणारे प्रेक्षक त्या वाक्याची वाटच बघत असतात. ते आलं की हसतात, टाळ्या देतात. बाकी काही निसटलं तरी त्यांना चालतं. शॉट थोडा अंधारा असला तर ते ‘मूड’ समजतात. हे एक वाक्य मात्र गुळमुळीत ऐकू आलं की सगळी गंमत गेली. म्हणून टेक झाल्यावर त्याच जागी, कॅमेरा बंद ठेवून, नटाकडून ते वाक्य मी पुन्हा बोलवून घेतो. दिग्दर्शक घड्याळ दाखवतो. मी तिकडे बघत नाही.

यंदा कुणी टीम बांधत असाल तर लोकेशन बघायला कॅमेरावाल्यासोबत साउंडवाल्यालाही न्या, आणि जाल ते शूटिंगच्याच वेळेला जा.