नानांची दिवाणी संहिता

आमचं गाव कोऱ्हाळे बुद्रुक. नीरा डाव्या कालव्यावरचं, उसाचं. इथं पाण्याची पाळी आणि कोर्टाची तारीख, दोन्ही माणसाला झोपेतही आठवतात. दादांनी बारामतीच्या दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावला तेव्हा मी चौथीत होते. निकाल लागला तेव्हा बारावीत. शाळेला सुट्टी असली की दादा मलाही एसटीत घालून न्यायचे. पणदरे, माळेगाव करत बारामती यायची आणि कोर्टाच्या आवारात पहिले भेटायचे ते नाना.

नाना आमच्या वकीलसाहेबांचे कारकून. शिक्षण सातवी पास. दावा कुठल्या टप्प्यावर आहे, समन्स कुणाला लागलं, कुणाला नाही, हे साहेब त्यांना विचारायचे. सातबारा आणि फेरफार वाचायला मी त्यांच्याकडून शिकले. “आधी तारीख बघायची, मग सही. मजकूर शेवटी. मजकूर काय, कुणीबी लिहितं.”

बारावीनंतर दादांच्या मनात डीएड होतं. दोन वर्षांत नोकरी, हा हिशोब. नानांनी एका दुपारी चहाच्या टपरीवर दादांना बसवून दुसरा हिशोब मांडला. बारावीनंतर पाच वर्षांची वकिली करता येते, नाहीतर पदवी घेऊन मग तीन वर्षांची. “पदवी आधी होऊ द्या. वकिली नाहीच जमली तर हातात काहीतरी राहील.” दादा ऐकून आले. मी तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात बीएला नाव घातलं.

हा हिशोब नानांना इतका पाठ कसा, ते मला पुढं कळलं. तेही त्याच वाटेवर होते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन, रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन, उतारवयात ते बीए करत होते. 2009 साली झाले. दाव्याचा अख्खा मसुदा ज्याच्या हातचा, त्याला खाली सही करायची परवानगी नसते. कारण 1961च्या अधिवक्ता कायद्याचं कलम 24 कायद्याची पदवी मागतं. ती मिळवायची आणि एकदा तरी स्वतःच्या नावानं वकीलपत्र दाखल करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पदवीचा कागद घेऊन ते प्रवेशाला गेले आणि परत आले. बार कौन्सिलचे कायदेशिक्षणाचे नवे नियम 2008 साली आले होते. दहावी-बारावी रीतसर न करता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालणार नाही, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. नानांनी तो नियम स्वतः वाचला. चिडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, “मसुदा चोख आहे. पळवाट नाही ठेवलेली.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. दिवाणी प्रक्रिया संहिता, भारतीय पुरावा कायदा, करार कायदा. तिन्ही पुस्तकांत समासात पेन्सिलीच्या खुणा. मी 2010 साली तीन वर्षांच्या एलएलबीला गेले ती त्या पिशवीसकट. हजेरी 70 टक्के लागायची. पहिली एसटी चुकली की नाना संध्याकाळी दादांना फोन करायचे: “पोरगी आज तासाला नव्हती. ऊसतोड चालू आहे का?”

2013 साली पदवी झाली आणि सनदेची वेळ आली. नोंदणी, प्रतिज्ञापत्रं, मुंबईच्या खेपा, काळा कोट. उसाचं बिल यायला अवकाश होता. नानांनी एक पाकीट दिलं. मी नको म्हटलं. “कॉलेजच्या फीसाठीच ठेवले होते,” ते म्हणाले. “फीलाच चाललेत.”

सनद मिळाली तरी दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावं लागतं. त्या वेळी परीक्षेला पुस्तकं नेता यायची. पुण्याच्या केंद्रावर मी नानांचीच नेली. बऱ्याच प्रश्नांना पान शोधावं लागलं नाही; खूण होती.

आता गावातली मुलं माझ्याकडे चौकशीला येतात. मी सांगते: पाच वर्षांच्या वकिलीला खुल्या गटात बारावीला किमान 45 टक्के हवेत, तीन वर्षांच्या वकिलीला पदवीला तेवढेच. सीईटी द्यावी लागते, ती आमच्या वेळी नव्हती. घरी बसून पोस्टानं केलेली एलएलबी सनदेला चालत नाही. नोंदणीची फी खुल्या गटाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125, याहून जास्त घेता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2024मध्ये तसा निकाल दिला आहे. कुणी विचारलंच, “मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?” तर उत्तर द्यायला मला जरा वेळ लागतो. दहावी-बारावी रीतसर झाली असेल तर चालते.

मी पैसे परत करायला गेले होते तेव्हा नानांनी घेतले नाहीत. एक अट घातली. ती नवी नव्हती. पुस्तकात आधीच लिहून ठेवलेली होती. दिवाणी संहितेचा आदेश 6, नियम 15. दाव्यातला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे, असं पक्षकारानं खाली लिहून द्यायचं, तो नियम. शेजारी नानांचं अक्षर: ‘सही घेण्याआधी वाचून दाखवणे. घाई असली तरी.’

नाना गेले त्याला आता काही वर्षं झाली. 1872चा पुरावा कायदा 1 जुलै 2024 रोजी गेला आणि त्यांचं ते पुस्तक कामातून गेलं. 1908ची दिवाणी संहिता अजून चालू आहे. काल वडगाव निंबाळकरहून एक आजी अंगठा द्यायला आल्या होत्या. सात पानांचा दावा होता. सातही पानं वाचून दाखवली.