गाडी पळवली, उपचार खोळंबले

रुग्णवाहिकेच्या स्टिअरिंगवर बसून मी ज्या चुका केल्या, त्या कर्तव्य समजूनच केल्या. गाडी जितकी पळेल तितका माणूस वाचेल, यावर माझा पक्का विश्वास होता. तो विश्वास कुठून आला, त्यापायी काय नुकसान झाले आणि तो सुटायला इतका उशीर का लागला, ते सांगायला हवे. धुळे-जळगावच्या रस्त्यावर या गाडीवर नव्याने बसणारी पोरे आजही माझ्यासारखीच सुरुवात करताना दिसतात.

मी या कामाला लागलो तेव्हा रुग्णवाहिका म्हणजे स्ट्रेचर टाकलेली गाडी होती. एक ऑक्सिजन सिलिंडर, दोन नातेवाईक आणि पुढे मी. जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले ते २०१८ मध्ये. त्याआधी पेशंट गंभीर झाला की सिव्हिलमधून चिठ्ठी मिळायची ती धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे मेडिकलची. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा तो रस्ता. मागे उपचार करणारे कुणी नसायचे. वाटेत पेशंटसाठी करता येण्यासारखे एकच होते, ते म्हणजे गाडी दाबणे. नातेवाईक काचेवर थाप मारून म्हणायचे, "बेगी चालाड ना भाऊ!" आणि मी चालवायचो. वेळेत पोहोचलो की लोक हात जोडायचे. त्या हात जोडण्यातून माझी सवय पक्की झाली.

२०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. मागच्या भागात डॉक्टर आले, सलाईन आले, सक्शन आले. उपचार दवाखान्याच्या दारात सुरू होण्याऐवजी पेशंटच्या दारातच सुरू होऊ लागले. म्हणजे माझे कामही बदलले होते. गाडीच्या मागच्या भागात आता एक छोटा दवाखाना होता आणि तो न हलवता न्यायची जबाबदारी माझी होती. हे मला कुणी समजावून सांगितले नाही हे खरे; पण मीही कधी विचारले नाही. मी जुन्याच पद्धतीने दाबत राहिलो.

फागणे-तरसोद टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले होते, त्या काळातली गोष्ट. पारोळ्याहून एका बाळंतिणीला घेऊन रात्री धुळ्याला निघालो. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नव्हता. मागे आमच्या डॉक्टर मॅडम एका हाताने तिचे पोट दाबून धरत होत्या, गर्भाशय आकसावे म्हणून. दुसऱ्या हातात सलाईनची पिशवी होती, कारण हूकला टांगली की ती हेलकावे खाऊन नळी ओढत होती. स्वतःला सावरायला त्यांच्याकडे तिसरा हात नव्हता. हे सारे मला आरशात दिसत होते. दिसूनही त्याचा अर्थ मला लागला नाही.

मुकटीच्या अलीकडे डायव्हर्जन होते. बॅरिकेडवरची रिफ्लेक्टरची पट्टी धुळीने झाकली गेली होती. मला वळण उशिरा दिसले. ब्रेक मारला, गाडी कच्च्यात उतरली आणि दणका बसला. मॅडम औषधांच्या कपाटावर आदळल्या. भुवईवर खोक पडली. पेशंटच्या हातातली सुई निसटली. नस सापडणे आधीच कठीण, कारण रक्त गेले की नसा बसतात. मॅडमनी कपाळावर गॉज दाबला आणि एवढेच म्हणाल्या, "नाना, गाडी थांबवा आधी." अंधारात, रस्त्याच्या कडेला, मी टॉर्च धरला. त्यांनी एक हात पाहिला, दुसरा पाहिला, शेवटी कोपराच्या आत नस मिळाली. तेवढा वेळ पोटावर दाब द्यायला कुणीच नव्हते.

ती बाई वाचली. तिला मॅडमनी आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी वाचवले. मी तिला मरणाच्या जवळ नेले होते.

नंतर मी हिशेब केला. पारोळा ते धुळे साधारण ३५ किलोमीटर. ताशी ८० ने २६ मिनिटे लागतात, १०० ने २१. सगळा रस्ता मोकळा मिळाला तरी वाचतात ती पाच मिनिटे, आणि आमचा रस्ता मोकळा कधीच नसतो. त्या रात्री थांबून पुन्हा सुई लावण्यात त्याहून जास्त वेळ गेला. शहरात तर वाचणारा वेळ आणखी कमी. आणि धोका मात्र वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. वेग दीडपट केला, ६० चा ९० केला, तर ब्रेक लागून गाडी थांबायला सव्वादोन पट अंतर लागते. ९० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे गेलेली असते. कापसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली समोर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो.

दुसरी चूक जळगावातली, अजिंठा चौफुलीची. माझ्यापुढे महापालिकेचा बंब निघाला होता, सायरन वाजवत. मला वाटले, आयतीच वाट मिळाली. मी त्याच्या मागोमाग, जेमतेम गाडीभर अंतर ठेवून, लाल सिग्नलमध्ये घुसलो. बंबासाठी थांबलेल्या लोकांनी बंब गेलेला पाहिला आणि गाड्या सोडल्या. दोन्ही सायरन एकमेकांत मिसळलेले. मागून दुसरी गाडी येते आहे हे त्यांना कळणार कसे? एका दुचाकीवाल्या तरुणाला माझा बंपर लागला. तो पडला, मनगट मोडले. त्याचा काहीही दोष नव्हता. मागे छातीत दुखणारा पेशंट, समोर रस्त्यावर पडलेला मुलगा. दुसरी गाडी येईपर्यंत मला जागचे हलता आले नाही.

तेव्हा जमलेल्या लोकांशी मी कायद्याची भाषा बोललो. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांचा दंड आहे, हे मला पाठ होते. कायद्याची दुसरी बाजू मी वाचलीच नव्हती. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत आपत्कालीन गाडीला लाल सिग्नल ओलांडण्याची, वेगमर्यादा मोडण्याची सवलत आहे, पण ती तातडीच्या कामावर असतानाच आणि पूर्ण काळजी घेऊन वापरायची. सायरन ही विनंती आहे. समोरच्याने ती ऐकली आणि तो थांबला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकात पाऊल टाकायचे नाही. काचा बंद, एसी चालू, गाणी चालू असलेल्या कारमध्ये सायरन अगदी जवळ आल्यावरच ऐकू येतो. आपण जितके वेगात, तितका कमी वेळ त्या माणसाला मिळतो.

तिसरी चूक रोजची होती, म्हणून ती मला चूक वाटलीच नाही. सकाळी गाडी ताब्यात घेताना मी तपासणीच्या वहीत न पाहता टिकमार्क करत असे. मोठ्या सिलिंडरचा पट्टा एका बाजूने सैल झालेला होता आणि मी तो तसाच चालवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एरंडोलहून एका गर्भवतीला जळगावला आणणारी रुग्णवाहिका दादावाडीजवळ हायवेवर पेटली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. इंजिनमधून धूर दिसताच त्या चालकाने गाडी थांबवली, सगळ्यांना उतरवून लांब नेले. मग ऑक्सिजनचा स्फोट झाला, आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. आतले सगळे वाचले. जळगाव इतके जवळ आले असताना "पोहोचू की आता" असे त्याच्या मनात आले असते तर? माझ्या मनात नक्की आले असते. या कामात थांबता येणे हे सर्वांत मोठे कौशल्य आहे, आणि ते त्या चालकाकडे होते.

आता मी वेळ वाचवतो तो ॲक्सिलरेटरवर नव्हे. फोन येताच निघणे, पत्ता निघतानाच नीट विचारून घेणे, गावातल्या कुणाला तरी फाट्यावर उभे करणे, पुढच्या दवाखान्याला आधीच कळवायला डॉक्टरांना आठवण करणे, यात भरपूर मिनिटे सुटतात. गतिरोधक आला की मी मागे ओरडून सांगतो. सुई लावायची असेल तर डॉक्टर सांगतात आणि मी गाडी हळू करतो किंवा थांबवतो. पेशंटचे पट्टे आणि नातेवाइकाचा सीटबेल्ट लागल्याशिवाय चाक हलत नाही. नातेवाईक रागावतात. त्यांना मी शांतपणे सांगतो की मागे उपचार चालू आहेत, ते चालू राहू द्या. पेशंट सोडून रिकामे परतताना सायरन बंद. पूर्वी मी तो चालू ठेवायचो आणि लोकांचा त्याच्यावरचा विश्वास दर वेळी थोडा कमी करत होतो.

जड वाहनाचे लायसन्स आहे, हात साफ आहे, एवढ्यावर कुणाला या गाडीवर किंवा बंबावर बसवू नये. बंबाच्या टाकीतले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि गाडी त्या बाजूला ओढते. ते शिकवल्याशिवाय येत नाही. आमच्याकडे नवा मुलगा आला की मी पहिल्या दिवशी त्याला स्टिअरिंग देत नाही. त्याला स्ट्रेचरवर झोपवतो, पट्टे बांधतो आणि एरंडोलपर्यंत नेऊन आणतो, माझ्या जुन्या वेगाने जाताना आणि आताच्या वेगाने येताना. उतरल्यावर त्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. धुळे आणि जळगावच्या प्रत्येक केंद्रावर ही पद्धत सक्तीची व्हावी, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी लागतो फक्त एक तास आणि थोडे डिझेल.