किकवीचं मैदान वाळलं की…

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, की कापूरहोळ मागे पडतं आणि भोर तालुक्यातलं किकवी येतं. एरवी आपण एसटीच्या खिडकीतून भाताची हिरवी खाचरं पाहत पुढे जातो, नाही का? पण मैत्रिणींनो, पाऊस सरत आला, की या पट्ट्यातल्या शाळांच्या मैदानांकडेही पाहा. लावणी उरकलेली असते आणि शालेय स्पर्धांचे वेध लागतात. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य!

यंदा मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये कोणता संघ पुढे जाईल? मला विचाराल तर, ज्या गावातल्या आया लेकींना शाळा सुटल्यावर तासभर थांबू देतील, त्या गावचा! मुलींना अडवतो तो चिखल नव्हे; अडवतात घरची कामं आणि शेवटची एसटी.

“आमची बुटकी आहे हो,” असंही म्हणू नका. महिलांची जाळी २.२४ मीटर उंच खरी. पण १९९८ पासून ‘लिबेरो’ हा मागे राहून चेंडू उचलणारा खास खेळाडू असतो. त्याला उंचीपेक्षा चपळाई हवी. १९६४ साली टोकियोत महिला व्हॉलीबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला. तेव्हा सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानी संघातल्या बहुतेक मुली एका कापडगिरणीत नोकरी सांभाळून सराव करीत!

किकवीचं तेच आपल्या गावाचं. लेक उशिरा, मातीनं माखून आली, तर रागावण्याआधी हातावर गूळ-शेंगदाणे ठेवून विचाराल ना, “आज किती चेंडू उचललेस गं?”