खांद्यातल्या गुट्ट्या

मैत्रिणींनो, वेणी घालताना खांद्यात कळ आली की तुम्ही काय करता? तेल चोळता, हो ना? मीही तेच केलं. तब्बल तीन महिने केलं.

आमचं घर अलिबागजवळ नागावला. मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीत विहीर. दोन वर्षांपूर्वी आषाढात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला आणि पडू नये म्हणून मी रहाटाचा खांब गच्च पकडला. पडले नाही, पण खांद्यात काहीतरी टचकन तुटल्यासारखं झालं. त्या दिवसापासून उजवा हात वर जाईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. सासूबाई म्हणाल्या, "वात आहे." शेजारीण म्हणाली, "फ्रोजन शोल्डर. तुम्हाला साखर आहे ना, मग तेच." मधुमेहात खांदा आखडतो हे खरंच, म्हणून माझाही विश्वास बसला. पण आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही. माझा हात ह्यांनी उचलला की वर जाई आणि सोडला की धपकन खाली पडे. एवढं डोळ्यांसमोर दिसत असून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

गणपती होऊ देत, नवरात्र होऊ दे, असं करत दसऱ्यानंतर मुंबई गाठली. एमआरआय झाला. खांद्याच्या गोळ्यावर चार स्नायूंच्या टोकांची मिळून एक टोपी असते, रोटेटर कफ म्हणतात तिला. त्यातला वरचा पट्टा हाडापासून सुटला होता. डॉक्टर म्हणाले, "काकू, आणखी उशीर केलात तर सुटलेलं टोक मागे ओढलं जाईल, स्नायूत चरबी भरेल. मग शिवायला चांगलं कापडच उरायचं नाही." ऐकून पोटात गोळा आला. तरी मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. आपली खोड जाते कुठे!

आता हाडाला टाका घालायचा कसा, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. बॉस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी असा पट्टा शिवल्याची हकीकत १९११ साली प्रसिद्ध केली, तेव्हा ना दुर्बीण होती ना आजची साधनं. पुढे पुष्कळ वर्षं हाडाला भोकं पाडून त्यांतून दोरा ओवत. हल्ली हाडात अँकर बसवतात. अँकर म्हणजे खरं तर नांगर, पण मला आठवली ती गुट्टी. आमच्या जांभ्याच्या भिंतीत खिळा नुसता ठोकला की भुगा होऊन गळून पडतो, आधी लाकडी गुट्टी मारावी लागते. तसंच हे. लवंगेएवढी गुट्टी हाडात बसवायची, तिला दोरे असतात, त्या दोऱ्यांनी पट्टा हाडाशी बांधायचा.

रुग्णालयाच्या खिडकीवर एक कागद हातात दिला. अँकरचे चार प्रकार, चार भाव, आणि मला लागणार होते तीन. घरी येऊन मी वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले. मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता, मी लिहीत होते. टायटॅनियमचा सगळ्यांत जुना आणि आमच्या कागदावर सगळ्यांत स्वस्त. पक्का बसतो, पण पुढे एमआरआय काढला तर त्याच्याभोवतीचं चित्र फिसकटतं, आणि कधी सैल होऊन वर आलाच तर सांध्याची गुळगुळीत कूर्चा खरवडतो. दुसरा विरघळणारा. तिसरा पीक नावाच्या कडक प्लास्टिकचा. तो विरघळत नाही, चित्रही बिघडवत नाही. चौथा नुसत्या दोऱ्याचाच. बारीक भोकातून आत घालून ओढला की हाडाच्या कवचाखाली त्याची गाठ फुगते. भोक सगळ्यांत लहान, पण सगळी भिस्त त्या कवचावर.

माझं मन बसलं विरघळणाऱ्यावर. नावच किती छान! काम झालं की नाहीसा. शिवाय भाव सगळ्यांत जास्त, म्हणजे तोच चांगला असणार, हा साडीच्या दुकानातला हिशेब. ह्यांनी तर मुदतीची ठेव मोडायची तयारीही केली.

डॉक्टरांनी माझी वही नीट वाचली, हसले नाहीत हे विशेष. म्हणाले, "विरघळतो, पण त्याला वर्षं लागतात. कधी कधी त्या जागी हाडात पोकळी राहते. म्हणून नव्यांत कॅल्शियमचे क्षार घालतात. आणि काकू, शिवण उसवते ती बहुतेक वेळा गुट्टीपाशी नाही, पट्ट्यापाशी. जुन्या लुगड्याला टाका घातला तर दोरा तुटत नाही, कापड फाटतं, तसं. कुठलाही घेतलात तरी हाताच्या गुणात फारसा फरक दिसत नाही." पाळी गेल्यावर आपली हाडं जाळीदार होतात, माझी झालीच होती. म्हणून नुसत्या दोऱ्याचा त्यांनी नको म्हटला. शेवटी पीकचा ठरला. ठेव वाचली.

मग त्यांनी विचारलं, "सहा आठवडे घरातलं कोण बघणार?" वहीत ह्याला रकानाच नव्हता.

भाऊबीज झाल्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. परतताना भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडव्याला आलो. २०२० पासून ही सोय झाली आहे, नाहीतर वडखळच्या रस्त्याने त्या खांद्याचं काय झालं असतं! हात झोळीत. ह्यांनी नारळ खवायला शिकून घेतलं, चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई माझी वेणी घालू लागल्या. पहिल्यांदा त्यांच्यापुढे पाठ करून बसले तेव्हा मला रडूच आलं.

पाचव्या आठवड्यात मार्गशीर्षातला गुरुवार आला. दुखणं कमी झालेलं, म्हणजे बरी झाले असंच वाटायचं. सवाष्णी यायच्या वेळेला चौरंग तिरका दिसला आणि मी झोळीतून हात काढून तो उचलला. तीच टचकन कळ. पूजा कशी झाली मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंबई, पुन्हा ते यंत्र. चित्र स्वच्छ आलं, तिन्ही गुट्ट्या जागच्या जागी, पट्टाही धरून होता. डॉक्टर रागावले, आणि रागावायलाच हवं होतं. पट्ट्याला हाडाशी जुळून यायला महिने लागतात, तोवर तो नुसत्या दोऱ्यावर असतो. झोळी आणखी दोन आठवडे वाढली, वजन उचलणं सहा महिने बंद.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आलीच, तर दोन गोष्टी आधी विचारून घ्या: अँकर किती लागतील आणि कुठल्या प्रकारचे. तेवढं लिहून मागा. हृदयातल्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमती सरकारने २०१७ साली बांधून दिल्या, त्यांत हे अँकर नव्हते. प्रत्येक अँकरच्या खोक्यावर कंपनी, माप, क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी असते, ती आपल्या कागदांवर लावून घ्या. आणि घरातल्यांना शस्त्रक्रियेआधीच स्वयंपाकाला लावा. आमच्या ह्यांची पहिली आमटी भिंतीवर होती.

आता हात दोरीवर कपडे टाकण्याइतका वर जातो. माळ्यावरचा डबा अजून नाही, पाठीमागे हुक लावायलाही जरा वेळ लागतो. सकाळी भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम करते, न्हाणीच्या दारापाशी पेन्सिलची रेघ आहे, तिच्या दोन बोटं खाली आहे अजून. त्या तीन चिकटपट्ट्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवल्या आहेत, आणि नारळ अजून हेच खवतात.